टीव्हीचा पैसा सगळ्यांना सारखा वाटला, तर छोटे क्लब जिंकतील का?

सदाशिवपेठी_गोली

माझा भाचा बारा वर्षांचा आहे. शाळेच्या संघात गोली आहे, म्हणून आमचं दोघांचं विशेष जमतं. परवा रात्री जेवणं झाल्यावर तो जर्मन लीगच्या विजेत्यांची यादी बघत बसला होता. २०१३ ते २०२३, ओळीने अकरा वर्षं बायर्न म्युनिक. बोट खाली सरकवत सरकवत तो म्हणाला, "मामा, मग बाकीचे सतरा संघ खेळायला कशाला येतात?"

मी म्हटलं थांब, इटली बघू. २०१२ ते २०२०, सलग नऊ वर्षं युव्हेंटस. स्पेन काढलं. २००४ मध्ये व्हॅलेन्सिया जिंकलं, त्यानंतर बार्सिलोना, रेआल माद्रिद आणि अ‍ॅटलेटिको माद्रिद सोडून चौथं नाव नाही. पोरगं गप्प झालं आणि झोपायला गेलं. मला मात्र झोप लागेना.

माझं मत असं, की या दुखण्याचं मूळ टीव्हीच्या पैशाच्या वाटणीत आहे. ज्याच्या ताटात जास्त पडतं तो चांगले खेळाडू घेतो, त्यांच्या जोरावर जिंकतो आणि जिंकला म्हणून पुढच्या वर्षी त्याच्या ताटात आणखी पडतं. हे तोडायचं तर सगळ्या क्लबांना सारखी वाटणी हवी. तुम्हाला काय वाटतं? तिकडे राहून सामने बघणाऱ्यांनी जरूर लिहा.

शिवाजीपार्क

+१. आपल्या आयपीएलचंच उदाहरण घ्या. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. बीसीसीआयचा हिस्सा वजा जाता फ्रँचायझींच्या वाट्याचा बहुतेक पैसा सारखा वाटला जातो, आणि लिलावात प्रत्येकाची थैली सारखीच. म्हणून तर आज तळाला असलेला संघ पुढच्या वर्षी फायनल खेळू शकतो. युरोपवाल्यांना हे सुचत कसं नाही?

कोपराकिक

मी उलट बाजूचा. माद्रिद-बार्सिलोना सामना जगभर बघतात. तळातल्या दोन संघांचा सामना त्या दोन गावांबाहेर कोण बघतं? ज्याच्या नावावर दुकान चालतं त्याला जास्त वाटा मिळाला तर त्यात अन्याय काय?

हिशेबनीस

चांगला धागा. आकडे समोर असले की वाद नीट घालता येईल म्हणून थोडं सविस्तर.

इंग्लंड: प्रीमियर लीग १९९२ मध्ये सुरू झाली तीच टीव्हीच्या पैशासाठी. वरच्या डिव्हिजनचे क्लब जुन्या फुटबॉल लीगमधून बाहेर पडले, कारण त्यांना हा पैसा खालच्या डिव्हिजनांबरोबर वाटायचा नव्हता. स्काय आणि बीबीसी या वाहिन्यांबरोबरचा पहिला करार पाच वर्षांचा, ३० कोटी ४० लाख पौंडांचा. २०१६ ते २०१९ या तीनच वर्षांचा देशांतर्गत करार ५१३ कोटी पौंडांच्या पुढे गेला. मात्र आपापसात वाटताना त्यांनी शहाणपण दाखवलं. देशांतर्गत पैशातला निम्मा सगळ्यांना सारखा, पाव क्रमांकानुसार आणि पाव टीव्हीवर किती सामने दाखवले त्यानुसार. परदेशातून येणारा पैसा तर बरीच वर्षं पूर्ण समान वाटला जायचा. २०१९ पासून त्यातली वाढ क्रमांकानुसार वाटतात.

परिणाम बघा. २०१६-१७ मध्ये चेल्सी पहिलं आलं, त्यांना मिळाले सुमारे १५ कोटी ८ लाख पौंड. संडरलंड शेवटचं आलं, त्यांना ९ कोटी ३५ लाख. म्हणजे पहिल्या-शेवटच्यात दुपटीचाही फरक नाही. त्याच्या आदल्या वर्षी लेस्टर विजेतं झालं, पण टीव्हीचे सगळ्यात जास्त पैसे आर्सेनलला मिळाले होते.

स्पेन: इथे २०१५ पर्यंत प्रत्येक क्लब आपले हक्क आपणच विकायचा. माद्रिद आणि बार्सिलोना वर्षाला प्रत्येकी सुमारे १४ कोटी युरो घ्यायचे, तळाच्या क्लबाच्या सात-आठ पट. शेवटी सरकारने ३० एप्रिल २०१५ ला वटहुकूम काढून सामूहिक विक्री सक्तीची केली. निम्मा पैसा समान, पाव गेल्या पाच हंगामांतल्या कामगिरीवर आणि पाव क्लबाच्या लोकप्रियतेवर. आता फरक साडेतीन पटीच्या आसपास आला आहे.

कोपराकिक, लोकप्रियतेचा मान त्या शेवटच्या पावात ठेवलेला आहेच. माद्रिद उपाशी नाही.

कोपराकिक

माहितीपूर्ण प्रतिसाद, धन्यवाद. पण तुमच्याच आकड्यांवरून विचारतो. स्पेनने वाटणी सुधारली, मग २०१५ नंतर चौथा विजेता का नाही आला?

जुना_लेफ्टआऊट

टीव्हीच्या आधी काय होतं तेही सांगायला हवं. इंग्लंडमध्ये १९८३ पर्यंत तिकिटांच्या पैशातला वाटा पाहुण्या क्लबाला देण्याची पद्धत होती. गर्दी मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर झाली तरी खेळायला दोघं लागतात, ही त्यामागची भावना. १९८३ नंतर ज्याचं मैदान त्याचाच गल्ला. टीव्हीचे पैसे तर एके काळी लीगच्या सगळ्या ९२ क्लबांत सारखे वाटले जायचे. ऐंशीच्या दशकात मोठे क्लब एकेक करून हे मोडत गेले. दर वेळी धमकी एकच, आम्ही वेगळी चूल मांडू. १९९२ मध्ये मांडली.

आमच्या पिढीला हे कळायचंही नाही. 'स्पोर्टस्टार' मध्ये रंगीत फोटो यायचे, ते कापून वहीत चिकटवायचो. पण त्या फोटोंत नॉटिंगहॅम फॉरेस्ट असायचं. त्यांनी १९७८ मध्ये इंग्लिश लीग जिंकली आणि १९७९, १९८० असे ओळीने दोन युरोपियन कप, म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग. आजच्या पोराला हे सांगितलं तर त्याला वाटेल आजोबा गोष्ट सांगताहेत.

सदाशिवपेठी_गोली

लेफ्टआऊट काका, तिकिटांच्या वाटणीचं मला अजिबात माहीत नव्हतं. फार मोलाचं लिहिलंत.

ल्युटनची_लेक

मी लंडनच्या उत्तरेला, ल्युटनमध्ये राहते. लग्न होऊन आले तेव्हा इथला क्लब लीगच्याही बाहेर, पाचव्या पायरीवर होता. नवऱ्याबरोबर सामने बघायला लागले आणि लळा लागला. २०१४ मध्ये आम्ही लीगमध्ये परतलो आणि २०२३ मध्ये थेट प्रीमियर लीगमध्ये पोचलो.

आमचं केनिलवर्थ रोड मैदान एकदा तरी बघावं असं आहे. पाहुण्या प्रेक्षकांचा दरवाजा ओक रोडवरच्या घरांच्या रांगेत आहे. रांगेतल्या घरांच्या खालून आत शिरायचं, वर लोकांच्या झोपायच्या खोल्या, पुढे लोखंडी जिन्यावरून जाताना खाली परसात वाळत घातलेले कपडे दिसतात. त्या दारातून आर्सेनल आणि लिव्हरपूलचे लोक आत येताना बघून माझ्या सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

पण वर गेल्यावर पहिलं काम काय निघालं, तर टीव्हीसाठी मैदान तयार करणं. कॅमेऱ्यांना जागा, प्रखर दिवे, समालोचकांच्या खोल्या. एक अख्खा स्टँड पाडून नवा उभा केला. काम वेळेत संपलं नाही म्हणून घरचा पहिला सामना, बर्नलीविरुद्धचा, पुढे ढकलावा लागला. त्या वर्षी आम्ही अठरावे आलो आणि खाली गेलो. पुढच्या वर्षी आणखी एक पायरी खाली.

त्या हंगामात वर आलेले तिन्ही क्लब, म्हणजे आम्ही, बर्नली आणि शेफील्ड युनायटेड, एकाच वर्षात परत गेले. त्याच्या पुढच्या हंगामात लेस्टर, इप्सविच आणि साउथहॅम्प्टन हे तिघंही तसेच गेले. आत वाटणी बऱ्यापैकी समान आहे हे हिशेबनीस यांचं म्हणणं खरं. पण आतल्या आणि बाहेरच्या मधली भिंत एवढी उंच झाली आहे की उडी मारून वर चढलेला माणूस तिथे टिकत नाही.

हिशेबनीस

अगदी बरोबर. त्यातच पॅराशूटचे पैसे आहेत. खाली गेलेल्या क्लबाला प्रीमियर लीगच्या समान वाट्याचे पहिल्या वर्षी ५५ टक्के, दुसऱ्या वर्षी ४५ टक्के आणि वर एकाहून जास्त हंगाम काढले असतील तर तिसऱ्या वर्षी २० टक्के मिळतात. हेतू चांगला आहे, पगारांचे करार एकदम मोडता येत नाहीत. पण खालच्या डिव्हिजनमध्ये ज्यांना हे पैसे नाहीत त्यांची पंचाईत होते. बरोबरी करायला ते कर्ज काढून पगार देतात.

पंचगंगाकाठ

आमच्या कोल्हापुरात टीव्हीचा रुपया येत नाही, तरी शाहू स्टेडियमवर पेठांच्या तालमींचा सामना असला की पाय ठेवायला जागा नसते. वर्गणी काढून किट, वर्गणी काढून चहा-केळी. पण खरं सांगतो, मोठी देणगी देणारा माणूस ज्या तालमीच्या मागे, त्या तालमीचा संघ भारी हे आमच्याकडेही आहेच. टीव्ही नसला म्हणजे समानता येते असं नाही. मात्र आमच्याकडे हरलेली पेठ पुढच्या वर्षी डोकं वर काढू शकते एवढं अंतर राहतं. ल्युटनताईंनी लिहिलंय तशी भिंत नाही.

ताई, तुमच्या मैदानाचं वर्णन वाचून आमच्या स्टेडियमभोवतीच्या गच्च्या आठवल्या.

इसारकाठ

म्युनिकमधून लिहितेय. भाच्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायची जबाबदारी आमच्यावरच येते.

जर्मनीतही हक्क सगळ्यांचे मिळून विकले जातात. शिवाय ५०+१ चा नियम आहे, म्हणजे क्लबातली बहुमताची मतं सभासदांकडेच राहतात, काही अपवाद सोडले तर. एवढं असूनही अकरा वर्षं बायर्न. तेव्हा नुसत्या देशातल्या वाटणीवर सगळं खापर फोडता येणार नाही. बायर्नचा मोठा पैसा प्रायोजकांकडून येतो, भरलेल्या मैदानातून येतो आणि युरोपच्या स्पर्धेतून येतो. चॅम्पियन्स लीगमध्ये २०२४-२५ पासून ३६ क्लब आहेत आणि नुसतं त्या ३६ मध्ये असण्याचे १ कोटी ८६ लाख युरो मिळतात. विजयांचे वेगळे. त्यावर आणखी एक भाग, मागच्या वर्षांतली युरोपातली कामगिरी आणि तुमच्या देशाचा टीव्ही बाजार बघून. म्हणजे जो आधी श्रीमंत होता त्याला श्रीमंत असल्याचे पैसे.

मूळ लेखातलं चक्र खरं आहे, पण ते देशाच्या लीगमध्ये फिरत नाही. देशाची लीग हा नुसता त्याचा एक आरा आहे.

आणि हो, २०२४ मध्ये लेव्हरकुझन एकही सामना न हरता जिंकलं. त्या संध्याकाळी ट्राममध्ये बायर्नचा शर्ट घातलेले एक आजोबा मला म्हणाले, बरं झालं, लीगला श्वास मिळाला. भाच्याला हेही सांगा.

शिवाजीपार्क

टेनिसच्या चेंडूंचं काय झालं होतं तिकडे? व्हिडिओ बघितला होता, कारण कळलं नव्हतं.

इसारकाठ

ते याच विषयाशी जोडलेलं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये जर्मनीच्या वरच्या दोन डिव्हिजनांतल्या ३६ क्लबांपैकी २४ जणांच्या मतांनी ठरलं की प्रक्षेपणाच्या उत्पन्नातला काही टक्के हिस्सा वीस वर्षांसाठी बाहेरच्या गुंतवणूक कंपनीला विकायचा. प्रेक्षकांनी विरोध सुरू केला. सामना चालू असताना शेकडो टेनिस बॉल आणि सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणी मैदानात. खेळाडू ते गोळा करून बाहेर टाकायचे, पुन्हा नवे यायचे. बर्लिनमध्ये हेर्टा आणि हँबुर्गचा सामना अर्ध्या तासाहून जास्त थांबला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगने बोलणी बंद केली.

मी एका सामन्याला होते. माझ्या शेजारी एक बाई पर्समधून एकेक चेंडू काढून देत होत्या, बाजारातून भाजी आणावी तशा शांतपणे. त्यांनी मलाही एक दिला.

कोपराकिक

फेकलात का?

इसारकाठ

फेकला. फार लांब गेला नाही.

फातोर्ड्याचो

आमच्या मडगावच्या घरात पोर्तुगालच्या बेनफिका क्लबाचा चाहता म्हणजे माझा मोठा काका. १९६१ आणि ६२ ला त्यांनी युरोपियन कप जिंकला, ते तो रेडिओवर आणि पेपरात अनुभवलेला माणूस. एउझेबियोचं नाव त्याच्या तोंडून देवाच्या नावासारखं यायचं. म्हणून पोर्तुगालचं सांगतो.

तिथे अजून प्रत्येक क्लब आपापले हक्क विकतो. बेनफिकाने २०१५ मध्ये एका टेलिकॉम कंपनीशी दहा वर्षांचा ४० कोटी युरोचा करार केला होता. छोट्या क्लबाला त्याच्या तुलनेत चिल्लर. लीगच्या अख्ख्या इतिहासात बेनफिका, पोर्तो आणि स्पोर्टिंग सोडून दोनच क्लब जिंकलेत, १९४६ ला बेलेनेन्सेस आणि २००१ ला बोआविस्ता. आता २०२१ च्या कायद्याने २०२८-२९ पासून सामूहिक विक्री सक्तीची होणार आहे.

पण गंमत बघा. घरात मोठे असलेले हे तिघं युरोपात गेले की गरीब. २००४ ला पोर्तोने चॅम्पियन्स लीग जिंकली. त्यानंतर आजपर्यंत इंग्लंड, स्पेन, इटली, जर्मनी आणि फ्रान्स या पाच देशांबाहेरचा एकही क्लब ती जिंकलेला नाही. त्याच्या आधी आयाक्स, रेड स्टार, स्टेआउआ असे कुठले कुठले क्लब जिंकायचे. पोर्तोचे ते खेळाडू आणि प्रशिक्षक मोरिन्यो बघता बघता विकले गेले, काही महिन्यांतच संघातली मोठी नावं गेली. आमच्याकडे चांगला मासा पहाटेच मुंबईच्या गाडीत चढतो आणि गावाला उरलंसुरलं मिळतं, तसं.

शिवाजीपार्क यांनी आयपीएलचं लिहिलं म्हणून आणखी एक. बंद लीगचा अनुभव आम्ही घेतलाय. धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा, तिघांनी २०१६ ला आय-लीग सोडली, कारण बंद असलेली इंडियन सुपर लीग देशाची मुख्य लीग होणार आणि वर चढायची वाटच बंद होणार असं दिसत होतं. मी धेंपोचे सामने बघत मोठा झालो. ज्या लीगमध्ये खाली पडायची भीती नाही, तिथे वर चढायची आशाही नाही.

शिवाजीपार्क

हे मनाला लागलं. आयपीएलमधून कोणी खाली जात नाही हे खरं. दहा संघ म्हणजे दहाच. खालून कोणी वर येऊ शकत नाही. हा मुद्दा मी कधी असा पाहिला नव्हता. माझं म्हणणं मागे घेतो, निदान अर्धं.

जुना_लेफ्टआऊट

युरोपातल्या बारा मोठ्या क्लबांना नेमकं हेच हवं होतं ना! १८ एप्रिल २०२१, रविवारी रात्री सुपर लीगची घोषणा. संस्थापकांना खाली जायची भीती कायमची नाही. मंगळवारी चेल्सीच्या मैदानाबाहेर लोक रस्त्यावर उतरले, संघाची बस अडवली. त्यांचाच जुना गोली पेत्र चेक बाहेर येऊन लोकांची समजूत काढत होता. त्या रात्रीपर्यंत इंग्लंडचे सहाही क्लब बाहेर पडले. मी त्या रात्री जागा होतो. सत्तरी ओलांडल्यावर फुटबॉलसाठी जागरण झालं त्याचं मला अजून समाधान आहे.

नर्मदेहर

धागा आवडला. फ्रान्सची भर घालतो, मी लिऑनजवळ नोकरीला होतो. तिथे वाटणीच्या आधीच ताट पालथं झालं. २०१८ मध्ये मीडियाप्रो नावाच्या कंपनीने २०२० पासूनचे हक्क वर्षाला सुमारे ८० कोटी युरोंना घेतले. क्लबांनी त्या भरवशावर खेळाडू घेतले, पगार वाढवले. ऑक्टोबर २०२० चा हप्ता आलाच नाही, डिसेंबरमध्ये करार संपला. नंतर अ‍ॅमेझॉनने बहुतेक सामने वर्षाला २५ कोटींत घेतले. २०२४ मध्ये डीएझेडएन ही स्ट्रीमिंग कंपनी आली, एका हंगामात गेली. २०२५ च्या ऑगस्टपासून लीग स्वतःचीच वाहिनी चालवते आहे.

ज्या वर्षी हप्ता चुकला त्या वर्षी पॅरिसला फार फरक पडला नाही, त्यांच्या मागे २०११ पासून कतारचा पैसा आहे. मार बसला तो बाकीच्यांना. म्हणजे टीव्हीचा पैसा बुडाला तरी दरी वाढतेच.

ल्युटनची_लेक

इथे आयटीव्ही डिजिटल या टीव्ही कंपनीचं असंच झालं होतं, सासरे अजून सांगतात. खालच्या तीन डिव्हिजनांशी तीन वर्षांचा ३१ कोटी ५० लाख पौंडांचा करार, २००२ मध्ये कंपनी बुडाली, १७ कोटी ८५ लाख येणं राहिलं. कोर्टात गेले तर मालक कंपन्यांची लेखी हमीच घेतलेली नव्हती. मग एकामागून एक क्लब दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर.

आणि बरी (Bury) या गावाचा क्लब. १८८५ चा, १९०३ च्या एफए कपच्या फायनलमध्ये डर्बीला ६-० हरवलेला. ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून काढून टाकला. तिथून मोटारीने तासाभराच्या आत मँचेस्टरची दोन्ही मोठी मैदानं येतात. २०२३ मध्ये गिग लेनवर परत खेळ सुरू झाला तो लोकांनी धरून ठेवलं म्हणून.

हिशेबनीस

आता कोपराकिक यांच्या प्रश्नाकडे येतो, स्पेनमध्ये चौथा विजेता का नाही. माझं उत्तर असं: देशातली वाटणी सुधारल्याने छोटा क्लब जिंकत नाही, पण जगतो. आधी स्पेनमध्ये क्लबांवर कर आणि पगारांची प्रचंड थकबाकी असायची, ती कायद्यानंतर कमी झाली. जिंकण्यासाठी लागणारा पैसा युरोपातून येतो आणि तिथली वाटणी ठरवणारे वेगळेच आहेत.

दुसरी अडचण इंग्लंडची. त्यांनी घरात बऱ्यापैकी समान वाटलं, म्हणून त्यांचा मधला क्लबसुद्धा इतर देशांतल्या विजेत्यांचे खेळाडू उचलू शकतो. २०२५ मध्ये टॉटनहॅम लीगमध्ये सतरावं आलं आणि त्याच वर्षी युरोपा लीग, म्हणजे युरोपची दुसऱ्या क्रमांकाची स्पर्धा, जिंकलं. घरातली समानता जितकी वाढली तितकी शेजाऱ्यांशी विषमता वाढली.

आणि छोट्या देशात नेमकं उलटं. बल्गेरियातल्या राझग्राद या लहान गावाचा लुडोगोरेट्स २०१२ ते २०२५ सलग चौदा वेळा विजेता. मालक पैसेवाला आहेच, पण युरोपच्या स्पर्धेतून येणारी रक्कम देशातल्या बाकीच्यांना कधी दिसतच नाही. यादी बायर्नपेक्षा लांब आणि गाव आपल्या तालुक्याएवढं.

म्हणून मला विचाराल तर आधी युरोपच्या स्पर्धांचा पैसा वाटायला हवा. जो क्लब चॅम्पियन्स लीग खेळतो त्याच्या रकमेतला ठसठशीत भाग त्याच्या देशातल्या सगळ्या क्लबांना जावा. आज जातो तो फार थोडा.

कोपराकिक

हे पटलं. नावावर दुकान चालतं असं मी म्हटलं होतं, पण बाकीची दुकानं बंद पडली तर बाजारच उठतो.

बास्कभूमीत_बंडू

उशिरा आलो. एइबारचं नाव कोणीच घेतलं नाही म्हणून लॉगिन केलं.

२०१४ मध्ये मी बिल्बाओला शिकत होतो. जवळच एइबार, डोंगरांच्या खोबणीत बसलेलं सत्तावीस हजार वस्तीचं कारखान्यांचं गाव. त्यांचा क्लब इतिहासात पहिल्यांदा ला लीगात पोचला. कर्ज नाही, हिशेब चोख. तरी नियम आडवा आला: भागभांडवल वाढवून सुमारे २१ लाख युरोंवर न्या, नाहीतर वर येता येणार नाही, उलट खाली जाल. जवळजवळ १७ लाख कमी पडत होते. क्लबाने ५० युरोंचा एक असे शेअर जगभर विकायला काढले. मोठ्या धनिकाला अख्खा क्लब घेता येऊ नये म्हणून एका माणसाने किती घ्यायचे यावर मर्यादा ठेवली. पूर्वी तिथे उसन्यावर खेळून गेलेले शाबी अलोन्सो आणि दाविद सिल्वा यांनी हातभार लावला. रक्कम जमली.

मी एक शेअर घेतला. पन्नास युरो म्हणजे माझा आठवड्याचा बाजार होता, त्या आठवड्यात डाळभात खाल्ला. नंतर इपुरुआ मैदानावर गेलो. मैदानाला लागून उंच इमारती आहेत, वरच्या गॅलरीत लोक कोपर टेकून सामना बघत होते, एका आजींच्या हातात विणकाम होतं.

पहिल्या वर्षी ते अठरावे आले, म्हणजे खालीच जायचे. पण वरच्या क्रमांकावर असलेल्या एल्चेने कर थकवला होता म्हणून त्यांना खाली पाठवलं आणि एइबार वाचलं. नव्या कायद्याचा पैसा पुढे यायला लागला आणि ते २०२१ पर्यंत, सलग सात हंगाम वर राहिले. हिशेबनीस म्हणतात ते मी डोळ्यांनी बघितलं. जिंकले नाहीत, जगले.

सदाशिवपेठी_गोली

सगळ्यांचे मनापासून आभार. समान वाटणी केली की प्रश्न सुटला असं समजून मी धागा काढला होता. आता वाटतं, प्रश्न कोणाच्या घरातली वाटणी एवढाच नाही. इसारकाठ आणि फातोर्ड्याचो यांचे प्रतिसाद मी दोनदा वाचले.

काल रात्री भाच्याला बंडू यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्याचा पहिला प्रश्न, "त्यांचा गोली कोण होता?" मी शोधलं. जानेवारी २०२१, इपुरुआ, करोनामुळे स्टँड रिकामे. समोर अ‍ॅटलेटिको, त्या वर्षीचे होणारे विजेते. एइबारला पेनल्टी मिळाली आणि ती मारायला आला त्यांचा गोली, मार्को दिमित्रोविच. अख्खं मैदान ओलांडून आला, अ‍ॅटलेटिकोचा गोली ओब्लाक याला चुकवून चेंडू जाळीत घातला आणि परत आपल्या गोलकडे धावत सुटला. नंतर लुइस सुआरेझने दोन गोल केले, त्यातला दुसरा शेवटच्या मिनिटांत पेनल्टीवर, आणि एइबार हरलं. त्याच हंगामात ते खालीही गेले.

भाच्याने ती पेनल्टी चार वेळा बघितली. आज सकाळी शाळेत जाताना बूट घालता घालता सांगून गेला, सरांना विचारणार आहे, शनिवारच्या सामन्यात पेनल्टी मी मारू का.

ल्युटनची_लेक

शनिवारी काय झालं ते नक्की कळवा.